खाटेशेजारची शाळा

मंडळी, आमच्या धंद्यात एक मोठी सोय आहे. नवीन पोरगा कामाला लागला की आधी त्याला टेस्ट सर्व्हर देतात. तिथे त्याने काय वाट्टेल ते करावं, टेबल उडवावं, प्रोग्रॅम लटकवावा... कुणाचं काही बिघडत नाही. महिना-दोन महिने हात बसला की मग त्याला लाइव्ह सिस्टिमजवळ फिरकू देतात, तेही कुणीतरी सीनियर मागे उभा असताना.

आता डॉक्टरचं बघा. पुस्तकं झाली, शवविच्छेदन झालं, हल्ली प्लॅस्टिकच्या बाहुल्यांवर सुया टोचून झाल्या. पण एक दिवस असा येतोच, की समोर खाटेवर जिवंत, कण्हणारा माणूस असतो आणि वीस वर्षांचं पोरगं नवा कोरा स्टेथोस्कोप गळ्यात घालून त्याला विचारतं, "काका, काय होतंय?" इथे टेस्ट सर्व्हर नाही. पहिल्या दिवसापासून सगळं लाइव्ह.

ही पद्धत आली कुठून आणि आमच्या कोल्हापूरपर्यंत पोचली कशी, हे शोधायचा नाद लागला. त्यातून हा लेख.

सुरुवात इटलीतल्या पाडुआत, सोळाव्या शतकात झाली होती, पण नाव झालं ते हॉलंडमधल्या लायडनचं. तिथे १७१४ पासून हर्मान बूरहाव नावाचा प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात शिकवायला लागला. वॉर्ड केवढा, तर १२ खाटांचा. ६ पुरुष, ६ बायका. बास. या १२ खाटांभोवती अर्ध्या युरोपातली पोरं गोळा होत. त्याआधी डॉक्टर होणं म्हणजे बरंचसं जुने ग्रंथ पाठ करणं. बूरहावने पेशंटलाच ग्रंथ करून टाकलं.

त्याच्या शिष्यांनी एडिंबराला मेडिकल स्कूल उभं केलं. एडिंबराला शिकलेल्यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला काढलं. आणि एडिंबराचाच एक डॉक्टर, चार्ल्स मोरहेड, मुंबईत आला. म्हणजे लायडनच्या झाडाच्या दोन फांद्या. गंमत म्हणजे दोन्ही फांद्या कोल्हापूरच्या एकाच इमारतीकडे झुकल्या. कशा, ते सांगतो.

आधी मुंबईची फांदी. मुंबईत १८२६ मध्ये वैद्यकीची एक शाळा निघाली होती. मराठी-गुजरातीतून शिकवायची. (हो, मराठीतून मेडिकल! दोनशे वर्षांपूर्वी!) पण १८३२ मध्ये ती बंद पडली. मग रॉबर्ट ग्रँट नावाचा गव्हर्नर आला, त्याने मोरहेडला हाताशी धरून पुन्हा खटपट सुरू केली. कॉलेज होण्याआधीच, १८३८ मध्ये, ग्रँट गेला. त्याच्या नावाचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये भायखळ्याला सुरू झालं, आणि त्याच वर्षी, त्याच आवारात, जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून जे. जे. हॉस्पिटल. पहिला प्रिन्सिपल मोरहेड.

हे "त्याच आवारात" फार महत्त्वाचं आहे. लेक्चर संपलं की पाच मिनिटांत पोरगं वॉर्डात. मोरहेड स्वतः वॉर्डात केसेस लिहून ठेवायचा, आणि त्या नोंदींवरून त्याने १८५६ मध्ये हिंदुस्थानातल्या रोगांवर जाडजूड ग्रंथ काढला. १८५१ मध्ये पहिली तुकडी पास होऊन बाहेर पडली, त्यात आपले भाऊ दाजी लाड. त्या तुकडीच्या हाताखालून गेलेले पेशंट कोण होते? गिरणगाव अजून व्हायचं होतं. हमाल, खलाशी, भिकारी, परगावचे बेवारस आजारी... ज्यांच्याकडे घरी वैद्य बोलवायला पैसे नाहीत, ते.

आता दुसरी फांदी. आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ. पण त्यात कोल्हापूर किती आहे, हे मला तरी उशिरा कळलं. गोपाळराव पोस्टात, नोकरीनिमित्त काही काळ कोल्हापुरात होते, आणि बायकोला अमेरिकेत शिकवायला काय करता येईल म्हणून त्यांनी मिशनऱ्यांना जी पत्रं लिहिली, ती त्याच काळातली. त्यातून पुढे १८८३ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात पोचल्या.

बायकांसाठी वेगळं कॉलेज का? कारण तिथल्या वॉर्डाचं दार बायकांना बंद होतं. १८६९ च्या नोव्हेंबरात या कॉलेजच्या मुली पहिल्यांदा पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये क्लिनिकच्या लेक्चरला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, तंबाखूच्या पिंका टाकल्या. पुस्तकं वाचा हवी तेवढी, पण पेशंटजवळ यायचं नाही! खरी अडवणूक कुठे होते बघा. वर्गात नाही, खाटेपाशी. मुली मागे हटल्या नाहीत, म्हणून १४ वर्षांनी आनंदीबाई तिथे शिकू शकल्या.

मार्च १८८६ मध्ये त्यांना डिग्री मिळाली. मग बोस्टनला, बायकांनी चालवलेल्या हॉस्पिटलमध्ये थोडे दिवस प्रत्यक्ष काम. तोवर कोल्हापूर संस्थानाकडून नेमणूक आलेली होती: आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, स्त्रियांचा वॉर्ड, मुख्य डॉक्टर. पण क्षय बळावला. त्या परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय बावीससुद्धा पूर्ण नव्हतं. कोल्हापूरचा वॉर्ड वाटच बघत राहिला.

इकडे १८८३ मध्येच, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच वर्षी, ग्रँट मेडिकल कॉलेजनेही मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती. तिथून विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला एक मुलगी डॉक्टर होऊन निघाली: कृष्णाबाई केळवकर. शाहू महाराजांनी तिच्या पाठीशी उभं राहून तिला शिकवलं, कोल्हापूरच्या त्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमलं, आणि पुढच्या शिक्षणासाठी डब्लिनलाही पाठवलं. फिलाडेल्फियाची फांदी पोचायच्या आधी वाळली, भायखळ्याची पोचली.

ते हॉस्पिटल म्हणजेच आजचं सीपीआर. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, टाउन हॉलच्या समोरचं. इतकी वर्षं दुसरीकडच्या वॉर्डात शिकलेले डॉक्टर इथे यायचे. या शतकाच्या सुरुवातीला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, सीपीआर त्याला जोडलं गेलं, आणि हा वॉर्ड स्वतःच शाळा झाला.

आता जरा शिरोलीकडे येतो. मी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. तिथे फेटलिंगला कास्टिंग हातोडीने वाजवून बघणारी माणसं आहेत. खणखणीत वाजलं तर माल पास, भद्द वाजलं तर आत तडा. मशिन आली, तरी जुन्या माणसाच्या कानावर अजून भरवसा आहे. आणि वैद्यकाच्या इतिहासात ऑएनब्रुगर नावाचा एक डॉक्टर आहे, खानावळवाल्याचा मुलगा, ज्याने १७६१ मध्ये छाती बोटांनी वाजवून आत पाणी आहे का ते ओळखायची रीत लिहून ठेवली. बाप पिंपं वाजवून दारू कुठपर्यंत आहे ते बघायचा, त्यावरून सुचलं म्हणतात. आजही मेडिकलची पोरं आधी बघतात, मग चाचपतात, मग वाजवतात, मग स्टेथोस्कोप लावतात. क्रम ठरलेला.

फाउंड्रीतली वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, हे काही गुपित नाही. असा एखादा रिटायर झालेला माणूस धाप लागते म्हणून सांगली फाटा, पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेल असं करत सीपीआरला जातो. आणि जन्मभर कास्टिंग वाजवून पाहिलेल्या त्या माणसाची छाती मग पाच-सहा पोरं आळीपाळीने वाजवून पाहतात. एकाला आवाज कळत नाही, तो पुन्हा वाजवतो. दुसरा पुन्हा. माणूस थकलेला असतो, तरी शर्ट वर धरून बसतो.

त्याला कुणी विचारलं का? बहुतेक वेळा नाही. सरकारी हॉस्पिटल आहे, पोरं येणारच, असं सगळेच धरून चालतात. पैसेवाला पेशंट स्पेशल रूममध्ये असतो, तिथे विद्यार्थ्यांची बॅच शिरत नाही. म्हणजे मोरहेडच्या काळात जे होतं, तेच थोड्याफार फरकाने आजही आहे: डॉक्टर शिकतात गरिबाच्या अंगावर, आणि त्या शिक्षणाचा फायदा तुम्हा-आम्हा मेडिक्लेमवाल्यांनाही मिळतो. हे मला टोचतं.

म्हणून पद्धत बंद करायची का? मुळीच नाही. १२ खाटांपासून जे निघालं, त्याला पर्याय नाही. बाहुलीला धाप लागत नाही, आणि "छातीत चमक भरली", "पोटात कळ आली" म्हणजे नेमकं काय, हे बाहेरगावच्या पोराला पुस्तक सांगणार नाही. पण पद्धत सुधारता येते. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून पेशंटशी ओळख आहे, आणि पेशंटशी बोलायचं कसं, त्याची परवानगी घ्यायची कशी, हेही शिकवायचं ठरलं आहे. कागदावर का होईना, पेशंटला "हो" किंवा "नको" म्हणायची जागा मिळाली.

जमशेटजींचं नाव हॉस्पिटलवर आहे, ग्रँटचं कॉलेजवर, प्रमिलाराजेंचं आमच्या सीपीआरवर. रास्तच आहे. पण देणगी फक्त त्यांनीच दिली नाही. लायडनच्या १२ खाटांवर कोण झोपलं होतं, भाऊ दाजींनी पहिली नाडी कुणाची पाहिली, कृष्णाबाईंनी पहिलं बाळंतपण कुणाचं केलं... ती नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. त्यांनी पैसे दिले नाहीत, अंग दिलं.

तेव्हा मंडळी, कधी तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या खाटेशेजारी एखादं पोरगं घाबरत घाबरत येऊन "तपासू का?" म्हणालं, तर एकदम "सीनियरला बोलवा" म्हणू नका. सीनियर मागे उभा असेलच. पोराने नीट विचारलं असेल, तर हात पुढे करा. आणि विचारलं नसेल, तर "आधी विचार, बाळा" एवढं मात्र जरूर सांगा. तेही शिक्षणच.