डोक्यावरचा पंखा : दोरीपासून हुकापर्यंत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. नोंदणी, कन्व्हेयन्स, लिफ्ट, पाण्याची टाकी हा सोसायटीचा इतिहास इतर मंडळी लिहितीलच. मी ठरवले, आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर पंचवीस वर्षे फिरणाऱ्या छताच्या पंख्याचा इतिहास लिहावा. त्याच्याकडे आपण मान वर करून बघतो ते दिवाळीच्या साफसफाईला, नाहीतर लाइट गेल्यावर!

वारा घालणे आपल्याला नवे नाही. हातपंख्याला मराठीत 'विंझणा' असा जुना शब्द आहे. वाळ्याचे पंखे तर आपल्यापैकी अनेकांनी वापरलेत. छताला टांगलेला मोठा झुलता पंखा मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात साहेबलोकांच्या घरी रुळला. लाकडी चौकट, तिला कापडी झालर, आणि चौकटीला बांधलेली दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात नेलेली. तिथे बसलेला पंखेवाला ती दोरी तासन् तास ओढत राही. उन्हाळ्यात रात्रीसुद्धा.

या वाऱ्याची एक काळी बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. रात्री पंखेवाल्याचा डोळा लागला की वारा थांबे, साहेब घामाघूम होऊन जागा होई आणि मारहाण करी. अशा मारहाणीत पंखेवाले दगावल्याचे खटले इंग्रजी अमदानीत झाले आहेत. हिवतापामुळे याची प्लीहा आधीच वाढलेली होती, ती फुटून माणूस गेला, असा बचाव कोर्टात केला जाई आणि अनेकदा आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटे. गंमत म्हणजे कोर्टातही पंखेवाला असेच. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ सालच्या 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीत असा एक पंखेवाला आहे. समोर गाजलेला खटला चाललाय, पण त्याला त्यातले काही ठाऊक नाही. तो आपला दोरी ओढतोय.

विजेचा छतपंखा आला तो शिलाई मशीनच्या कारखान्यातून. अमेरिकेत त्याआधी छताचे पंखे होते, पण ते पट्ट्याने आणि पाण्याच्या किंवा वाफेच्या जोरावर फिरत. फिलिप डील हे मूळचे जर्मन कारागीर सिंगर कंपनीत होते. शिलाई मशीनसाठी केलेल्या विजेच्या मोटरला त्यांनी पाती लावली, ती छताला टांगली आणि १८८७ मध्ये पेटंट घेतले. आपल्याकडे कलकत्त्यात १८९९ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला. मुंबईत 'बेस्ट'ची पूर्वज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली. जिथे वीज पोचली तिथे पंखेवाल्याची दोरी हळूहळू सुटली. इतिहासात शोध लावणाऱ्याचे नाव सापडते, दोरी ओढणाऱ्यांचे सापडत नाही.

सुरुवातीला पंखे परदेशातून येत. पुढे कलकत्ता हे पंख्यांच्या कारखान्यांचे मोठे केंद्र झाले. 'उषा' आणि 'ओरिएंट' ही नावे तिथलीच. तरी मध्यमवर्गीय मराठी घरात पंखा उशिरा आला. वाड्यात जाड भिंती, उंच कडीपाट. तुळईला कड्या असत त्या झोपाळ्यासाठी किंवा पाळण्यासाठी. पंखा आधी कचेरीत दिसला, मग घरी. आमच्या बँकेच्या शाखेत लांब दांड्याचे पंखे होते आणि व्हाउचर उडू नयेत म्हणून टेबलागणिक पेपरवेट.

त्या वेळचा रेग्युलेटर आठवतो? काळा, भलामोठा ठोकळा. पंखा एकवर ठेवला की तो चांगलाच तापे. आत तारेचे वेटोळे असे. मोटरला कमी दाब मिळावा म्हणून उरलेली वीज ते उष्णतेत घालवी. म्हणजे पंखा हळू केला तरी बिलात त्या मानाने बचत नसे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले आणि ही गळती बरीच थांबली.

आपण इथे राहायला आलो तेव्हा प्रत्येक खोलीत बिल्डरने छताच्या मध्यभागी हूक सोडून ठेवला होता. पलंग कुठे आणि जेवणाचे टेबल कुठे, हे खरे तर त्या हुकानेच ठरवले. पुढे भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टर घेतानाही पहिला प्रश्न तोच असे, किती पंखे चालतील?

आता थोडा हिशेब, सवय जात नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. रोज १६ तास चालला तर १.२ युनिट. नवे बीएलडीसी पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात, म्हणजे ०.४८ युनिट. वर्षातले २४० दिवस धरले तर एका पंख्यामागे जवळजवळ १७३ युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यावर स्टार लेबल सक्तीचे आहे, ते बघूनच घ्यावा. आणखी एक : पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोणाच्याच कामाचा नाही.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. पंखेवाला निदान व्हरांड्यात दिसत तरी होता. आज आपला पाच-सहा किलोचा फिरता पंखा ज्याच्या जोरावर टांगलेला आहे तो हूक स्लॅबच्या आत आहे, आणि पंचवीस वर्षांत बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. वरून ओल झिरपली की हूक आणि सळया गंजतात, गंजाने लोखंड फुगते आणि काँक्रीट सुटते. वाटी सरकवून शॅकलचा बोल्ट, रबरी बुश आणि स्प्लिट पिन बघायला वायरमनला फारसा वेळ लागत नाही. पंखा डगमगत असेल किंवा हुकाभोवती ओलीचा डाग असेल तर थांबू नका.

हूक कोणाचा, यावरून वाद नको. माझे छत ही वरच्याची जमीन आहे. गच्चीच्या गळतीने वरच्या मजल्याचे छत खराब झाले तर दुरुस्ती सोसायटीकडे येते, हे आदर्श उपविधींतच आहे. मधल्या मजल्यांवर बाथरूमची गळती असेल तर दोन्ही सभासदांनी एकत्र बसून सोडवावी. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, आणि ३० नंतर तीन वर्षांतून एकदा करायचे असते. आपण पंचविशीत आहोत.

म्हणून माझी एक सूचना. पुढच्या ऑडिटच्या कामात प्रत्येक फ्लॅटमधल्या पंख्यांच्या हुकांची तपासणी धरावी आणि त्याची नोंद मजल्याप्रमाणे दफ्तरी ठेवावी. वार्षिक सभेत हा विषय मी मांडणार आहे. अनुमोदनाला हात वर करा, एवढीच विनंती!