कानाने शिकलेली फ्रेंच

फ्रेंच भाषेचा श्रीगणेशा करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण उभी राहते, ती लेखन आणि उच्चार यांच्यातील फारकतीची. ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ या चार अर्थांची क्रियापदरूपे त्या भाषेत तीन निरनिराळ्या प्रकारांनी लिहिली जातात. मुखातून उमटणारा ध्वनी मात्र चारही ठिकाणी एकच, ‘पार्ल’. शब्दाच्या अखेरची कितीतरी अक्षरे केवळ डोळ्यांसाठी असतात, कानाला त्यांची वार्ताही नसते. मराठी माणसाला हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. १९६२ सालचे शुद्धलेखनाचे नियम येईपर्यंत आपल्याकडील मुलेही उच्चारात नसलेले कितीतरी अनुस्वार व्युत्पत्तीच्या मानासाठी शब्दांवर देत असत. परंतु आपल्याकडे जो अपवाद होता, तो फ्रेंचमध्ये नित्याचा व्यवहार आहे. म्हणूनच, ही भाषा नवशिक्याला डोळ्यांनी शिकवावी की कानांनी, हा प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत पुनःपुन्हा विचारला गेला.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शाळांपुढे जिवंत भाषा शिकवण्याचा एकच आदर्श होता, तो म्हणजे लॅटिनचा. व्याकरणाचे नियम घोकावेत, शब्दांच्या याद्या पाठ कराव्यात, आणि मग वाक्यांचे इकडून तिकडे व तिकडून इकडे भाषांतर करावे. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांना ही पद्धती समजावून सांगण्याची गरज नाही. तिचे उपकारही नाकारता येणार नाहीत. तिच्यामुळे परकीय ग्रंथांचे दरवाजे उघडले. पण ग्रंथ वाचता येणारा हा विद्यार्थी त्या भाषेतील माणूस समोर आला की मुका होत असे आणि बहुधा बहिराही.

या दुःखाची सर्वांत बोलकी कहाणी फ्रांस्वा ग्वँ या फ्रेंच शिक्षकाची आहे. लॅटिन शिकवणारे हे गृहस्थ जर्मन शिकण्यासाठी हॅम्बुर्गला गेले. त्यांनी जर्मन व्याकरण आणि त्यातील २४८ अनियमित क्रियापदे अवघ्या दहा दिवसांत मुखोद्गत केली आणि मोठ्या विश्वासाने ते व्याख्यान ऐकण्यास गेले. तेथे त्यांना एक शब्दही कळला नाही. मग त्यांनी धातू पाठ केले, गटे आणि शिलर यांचे भाषांतर आरंभले, शेवटी संपूर्ण शब्दकोश कंठस्थ केला. तरी कानांवर पडणारी जर्मन त्यांना परकीच राहिली. हताश होऊन ते स्वदेशी परतले, तेव्हा त्यांना दिसले की, जाताना धड बोलूही न शकणारा आपला तीन वर्षांचा भाचा आता घडाघडा बोलत आहे. एकदा पिठाची गिरणी पाहून आलेला तो मुलगा घरी येऊन तिथला सारा क्रम खेळून दाखवू लागला: पोती भरली, गिरणीत नेली, दाणे ओतले, पीठ पडले. प्रत्येक कृतीबरोबर एक वाक्य. भाषा शब्दांच्या यादीतून येत नाही, ती कृतींच्या मालिकेतून आणि ऐकलेल्या वाक्यांतून येते, हा बोध ग्वँ यांना त्या खेळातून झाला. १८८० साली त्यांनी तो ग्रंथरूपाने मांडला. विद्यार्थ्याने उठावे, दाराकडे जावे, कडी काढावी आणि प्रत्येक कृती करताना तिचे वाक्य म्हणावे, असे त्यांच्या पाठांचे स्वरूप होते. आज भाषेच्या वर्गांतून चालणाऱ्या कृतिपाठांचे एक मूळ या गिरणीच्या खेळात आहे.

त्याच सुमारास ध्वनिशास्त्र या नव्या विद्येनेही भाषाशिक्षणाकडे लक्ष वळवले. पॉल पासी यांच्या पुढाकाराने १८८६ साली पॅरिसमध्ये ध्वनिप्रेमी शिक्षकांची एक संघटना स्थापन झाली. १८८८ मध्ये तिने उच्चारनिष्ठ वर्णमाला प्रसिद्ध केली; आजची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी तिचीच वंशज होय. रूढ लेखन बाजूला ठेवून विद्यार्थ्याला आधी शुद्ध ध्वनी द्यावा, हा या मंडळींचा आग्रह होता. अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या गावी, मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये भाषाशाळा काढली. तिच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, बर्लिट्झ आजारी पडले असता त्यांनी नेमलेल्या फ्रेंच साहाय्यकाला इंग्रजीचा गंधही नव्हता. त्याने वस्तूंकडे बोट दाखवत आणि हावभाव करत वर्ग चालवला, आणि काही आठवड्यांनी बर्लिट्झ परतले तेव्हा विद्यार्थी उत्साहाने फ्रेंचमध्ये प्रश्नोत्तरे करत होते. आख्यायिकेचा भाग सोडला तरी, मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवणारी ही ‘प्रत्यक्ष पद्धती’ पुढे जगभर पसरली, हा इतिहास आहे. १९०२ च्या सुधारणेने फ्रान्सच्या सरकारी शाळांनीही परकीय भाषांसाठी तीच स्वीकारली.

मात्र या पद्धतीची एक अट होती. शिक्षक त्या भाषेचा अस्सल वक्ता असला पाहिजे. असे शिक्षक गावोगाव कोठून आणायचे? या प्रश्नाचे उत्तर यंत्राने देऊ केले. एडिसन यांचा फोनोग्राफ १८७७ सालचा. जाक रोस्टन यांनी १९०१ मध्ये लंडनला लिंग्वाफोन संस्था सुरू केली आणि पुस्तकासोबत आवाजही विकत मिळू लागला. ग्रनोबल येथे तेओदोर रोसे यांनी परदेशी विद्यार्थ्यांचे फ्रेंच उच्चार घडवण्यासाठी ध्वनियंत्राचा उपयोग केला. १९११ मध्ये फेर्दिनां ब्र्युनो यांनी सोर्बोन विद्यापीठात वाणीचे संग्रहालयच उभारले. ग्रंथालयात जशी पुस्तके, तसे तेथे आवाज जतन होऊ लागले.

तरीही एक मूलभूत प्रश्न अनुत्तरितच होता. नवशिक्याला ऐकवायची फ्रेंच कोणती? पाठ्यपुस्तकातील वाक्ये विद्वानांच्या टेबलावर तयार होत असत. रस्त्यावरचा माणूस तशी बोलत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर, फ्रान्सच्या वसाहतींत आणि परदेशांत फ्रेंचच्या प्रसाराचा विचार सुरू झाला तेव्हा या प्रश्नाला निकड आली. १९५१ साली फ्रेंच शिक्षण मंत्रालयाच्या पाठबळाने सें-क्लू येथे जॉर्ज गुगेनाइम यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. संशोधकांनी ध्वनिमुद्रक घेऊन सामान्य माणसांची संभाषणे टिपली: १६३ ध्वनिमुद्रणे, २७५ वक्ते, सुमारे ३,१२,००० शब्द. त्यांची मोजदाद केली तेव्हा भिन्न शब्द आठ हजारांहूनही कमी भरले. त्यांतही अगदी थोडे शब्द अखंड राबत होते.

पण या मोजदादीने संशोधकांना एक चकवाही दिला. जेवणाच्या टेबलावरचा काटा, दात, कोपर असे ज्यांच्यावाचून दिवस जात नाही ते शब्द यादीत जेमतेम दिसत होते. कारण साधे होते. काटा हातात असताना त्याचे नाव कोणी घेत नाही. तेव्हा मिशेआ आणि गुगेनाइम यांनी वारंवारतेला दुसऱ्या कसोटीची जोड दिली, ती ‘उपलब्धते’ची. शाळकरी मुलांना घर, कपडे, स्वयंपाकघर, प्रवास अशा १६ विषयांवर सुचतील ते शब्द लिहिण्यास सांगितले. तेथे काटा लगेच हजर झाला. या दोन कसोट्यांतून सुमारे दीड हजार शब्दांची आणि नेमक्या व्याकरणाची पहिली पायरी सिद्ध झाली.

या उपक्रमाला विरोधही तीव्र झाला. मार्सेल कोएन यांच्यासारख्या मान्यवर भाषाशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये पुस्तिका लिहून त्याचा निषेध केला. परक्यांना, विशेषतः वसाहतींतील लोकांना, खुरटलेली फ्रेंच देणे म्हणजे त्यांना खऱ्या फ्रेंचपासून वंचित ठेवणे होय, हा आक्षेप हलका नव्हता. ही भाषेची सीमा नसून तिचा उंबरठा आहे, असे कर्त्यांचे उत्तर होते. पुढे ‘प्राथमिक’ हे विशेषण जाऊन ‘मूलभूत फ्रेंच’ हे नाव रूढ झाले. पण उंबरठ्यावर आलेल्याला आत घेतले जाईल की तेथेच उभे ठेवले जाईल, हे शब्दांच्या यादीवर अवलंबून नसते, शिकवणाऱ्यांच्या हेतूवर असते. हे ज्या देशांना परभाषेतून शिकावे लागले, त्यांना चांगले ठाऊक आहे.

या शब्दसंग्रहावर सें-क्लूचे पोल रिव्हांक आणि झाग्रेबचे पेतार गुबेरिना यांनी १९६० च्या सुमारास नवा अभ्यासक्रम रचला. पॅरिसमधील तिबो नावाच्या कुटुंबाचे दैनंदिन जीवन हा त्याचा विषय. अंधाऱ्या वर्गात पडद्यावर चित्र उमटे आणि फितीवरून वाक्य ऐकू येई. विद्यार्थी ते अर्थासह ओळखत, म्हणत आणि मग स्वतःच्या परिस्थितीला लावून बदलत. लेखन मात्र बरेच दिवस दूर ठेवले जाई. गुबेरिना हे बधिरांच्या शिक्षणातही काम करणारे होते, आणि परकी भाषा ऐकणारा माणूस तिच्या ध्वनींच्या बाबतीत एका अर्थी बहिराच असतो, ही त्यांची दृष्टी होती. मराठी विद्यार्थ्याला याचा अनुभव ‘तू’ या फ्रेंच सर्वनामाशीच येतो. अर्थ आपल्याच ‘तू’चा, पण त्यातील स्वर म्हणताना जीभ ‘ई’च्या जागी आणि ओठ ‘ऊ’च्या आकारात हवेत. कानाला हा भेद कळेपर्यंत ‘तू’ आणि ‘सर्व’ या अर्थाचा ‘तु’ हे दोन शब्द एकच वाटतात. उलट, नासिक्य स्वरांची सवय असलेल्या कोंकणीभाषकाला फ्रेंचचे अनुनासिक तितके जड जात नाहीत.

कालांतराने या पद्धतीच्याही मर्यादा उघड झाल्या. फितीबरोबर बिनचूक बोलणारा विद्यार्थी फितीत नसलेला प्रश्न आला की अडखळे. १९७६ मध्ये युरोप परिषदेच्या पुढाकाराने फ्रेंचसाठी ‘उंबरठ्याची पातळी’ ठरवणारा ग्रंथ निघाला, आणि शब्द किती येतात यापेक्षा त्या शब्दांनी माणूस काय साधू शकतो, याकडे लक्ष गेले. वर्गात नभोवाणीवरील बातम्या, स्थानकावरील घोषणा, बाजारातील संवाद असे अस्सल आवाज आले; दोन विद्यार्थ्यांत एक ग्राहक आणि दुसरा दुकानदार झाला.

मुंबई-पुण्याच्या शाळा-महाविद्यालयांतून संस्कृतऐवजी फ्रेंच घेणारा विद्यार्थी आज हवा तो आवाज खिशातल्या यंत्रातून ऐकू शकतो. ग्वँ यांना हॅम्बुर्गच्या व्याख्यानगृहात जे मिळाले नाही, ते त्याला घरबसल्या मिळते. तथापि परीक्षा लेखी असली की तोही व्याकरणाची यादीच घोकतो. गुरुमुखातून ऐकून आणि तसेच म्हणून दाखवून विद्या राखणाऱ्या आपल्या परंपरेला कानाचे महत्त्व नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. गिरणीतून परतलेल्या त्या मुलाजवळ ना पुस्तक होते, ना यंत्र. पण जे पाहिले ते सांगण्याची उत्सुकता होती आणि ते ऐकून घेणारे घर होते. शिक्षकाने वर्गात तेवढे घर निर्माण केले, की बाकीची साधने आपापल्या जागी उपयोगी पडतात.