खदानीचं मनसर

सोसायटीत राहायला आलो तेव्हा कुणी "काका, मूळ गाव कुठलं?" असं विचारलं की मी "रामटेक" सांगून मोकळा व्हायचो. खरं गाव मनसर. रामटेकच्या अलीकडे, नागपूर-जबलपूर रस्त्यावर. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा म्हटलं, पंचवीस वर्षांनी का होईना, खरं सांगून टाकावं.

मनसर म्हणजे मँगनीजचं गाव. तिकडे खाणीला 'खदान' म्हणतात. १८९६ साली इंग्रजांचं एक प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघालं आणि १९००च्या सुमारास नागपूर जिल्ह्यात मँगनीज निघू लागलं. मनसर त्या पहिल्या खदानींपैकी. तेव्हा या मालात रशिया पुढे होता. १९०४-०५ मध्ये रशिया-जपान युद्ध झालं, पाठोपाठ रशियात बंडाळी माजली, तिकडचा माल अडला आणि आपल्याकडच्या मालाला मागणी आली. कुठे जपान, कुठे मनसर! पण दोन-तीन वर्षांतच मँगनीजच्या उत्पादनात हिंदुस्थानने रशियाला मागे टाकलं. ते मँगनीज हाताने फोडलेलं होतं. हातोडीने दगड वेगळा करायचा, चांगला माल निवडायचा. या कामावर बाया खूप असत. माल बोटीने विलायतेला जाई.

एवढं काय असतं त्या काळ्या दगडात? पोलादाला तो लागतोच. आपल्या परभणी जंक्शनवर गाडी रूळ बदलते ना, तसल्या क्रॉसिंगच्या पोलादात मँगनीज मुद्दाम जास्त घालतात. चाकांचे दणके खाऊनही ते लवकर झिजत नाही.

१९६२ मध्ये सरकारने खदानींत ५१ टक्के वाटा घेतला, १९७७ मध्ये उरलेला ४९ टक्केही. आजची 'मॉईल' ती हीच.

गावाजवळच हिडिंबा टेकडी आहे. १९७२ मध्ये मनसरला शंकराची एक सुरेख मूर्ती सापडली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे उत्खननात टेकडीखालून विटांचं मोठं बांधकाम निघालं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. दीड हजार वर्षांपूर्वीची! म्हणजे राजाचं घर विटांवरून ओळखता आलं. आमचं कशावरून ओळखणार?

कारण घर आमचं नव्हतंच. वडील खदानीत नोकरीला, राहायला क्वार्टर. निवृत्त झालं की किल्ली परत, हा सगळीकडचाच नियम. वडिलांनी त्या भिंतीत उभ्या जन्मात खिळा ठोकला नाही. देव, फोटो, सगळं फळीवर.

इथे फ्लॅटचा ताबा मिळाला त्या संध्याकाळी मी त्यांना शेअर सर्टिफिकेट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाले, "खिळा ठोकला तर चालेल का रे? कुणाला विचारावं लागतं?"

हॉलमध्ये दाराच्या डाव्या हाताला तो खिळा आहे. जरा वाकडा आहे. दोनदा रंगकाम झालं, पण काढू दिला नाही. आता त्यावर वडिलांचाच फोटो आहे.