वाडाबांधणी

महाराष्ट्रातील परंपरागत गृहबांधणीचा एक प्रकार. ‘वाडा’ हा शब्द ‘कुंपणाने वेढलेली जागा’ या अर्थाच्या ‘वाट’ या संस्कृत शब्दापासून आला आहे. चहूबाजूंनी खोल्या आणि मध्यभागी आकाशाला खुला असलेला चौक, हे वाड्याचे मुख्य लक्षण होय. सरदार, सावकार, इनामदार, पाटील-देशमुख व सुस्थितीतील गृहस्थ अशी घरे बांधीत. देशावर पेशवाईच्या काळात, विशेषतः अठराव्या शतकात, या पद्धतीला निश्चित रूप आले.

वाड्याचे मोजमाप खणांवर होई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. त्याची लांबी मुख्यत्वे उपलब्ध तुळईच्या लांबीवर अवलंबून असे. घरधन्याची ऐपत आणि जागा पाहून किती खण घ्यावयाचे, ते ठरे. प्रथम घडीव दगडांचे जोते बांधीत. त्यावर दगडी तळखडे बसवून सागवानी खांब उभे करीत व खांबांवर तुळया, कड्या आणि पाटण घालीत. भार बव्हंशी या लाकडी सांगाड्यावर असल्यामुळे मधल्या भिंती मातीच्या किंवा विटांच्या असल्या तरी चालत. दर्जेदार बांधकामासाठी चुना घाणीत मळून घेत. छपरावर कौले घालीत. कमी पावसाच्या प्रदेशात मात्र मातीचे धाबे, म्हणजेच माळवद, प्रचलित होते.

अंतर्रचनेत कौटुंबिक व्यवहाराचा क्रम दिसतो. दिंडी दरवाजातून देवडीत आणि तेथून चौकात प्रवेश होई. चौकालगतच्या ओसरीवर व सोप्यात पाहुणे आणि कामानिमित्त येणारे लोक बसत. त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर व बाळंतिणीची खोली, तर शेवटी न्हाणी, आड आणि परस असे. बाहेरचा भाग पुरुषांच्या व्यवहाराचा आणि आतला स्त्रियांचा, ही विभागणी स्पष्ट होती. मोठ्या वाड्यांत एकापुढे एक असे अनेक चौक असत. चौकामुळे उजेड व वारा मिळे, तसेच रस्त्याकडील भिंत बंद ठेवून संरक्षणही साधे. कोनाडे, फडताळे व धान्याची बळदे भिंतींतच सामावलेली असत.

पुण्यातील शनिवारवाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमारती जळाल्या. दगडी तट, दरवाजे व जोती उरली. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आणि सज्जा यांसाठी प्रसिद्ध आहे. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणीसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आढळतात. नानासाहेब पेशव्याच्या काळात कात्रजहून भूमिगत नळांनी आणलेले पाणी पुण्यातील हौदांत खेळविण्यात आले व शहरातील वस्तीची मोठी सोय झाली.

पेशवाईनंतर मोठा परिवार पोसण्याचे साधन राहिले नाही. वाटण्या झाल्या, चौकाभोवतीच्या खोल्या भाड्याने दिल्या गेल्या आणि एका कुटुंबाच्या घरात अनेक बिऱ्हाडे राहू लागली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी साधारणतः १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंना त्यामुळे निवाऱ्याची शाश्वती लाभली. परंतु मालकाला अल्प उत्पन्नातून दुरुस्ती परवडेना, आणि पुनर्बांधणीसाठी जागा सोडली तर ती परत मिळेल की नाही, ही धास्ती भाडेकरूला वाटे. कौले न परतल्याने तुळया कुजल्या, भिंती खचल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील अनेक जुनी मातीची घरे जमीनदोस्त झाली. पुढे सदनिकांच्या इमारतींना मागणी वाढली आणि पुष्कळ वाडे पाडण्यात आले. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा २००० मध्ये अमलात आला, तोपर्यंत बरेच वाडे नष्ट झाले होते.

उरलेल्यांपैकी विश्रामबागवाड्यासारख्या मोजक्या वास्तूंचे जतन झाले आहे. मोठ्या स्मारकांना शासनाचा किंवा नगरपालिकेचा आश्रय मिळू शकतो. सामान्य गृहस्थाच्या दोन चौकी वाड्याला तो क्वचितच मिळतो. वास्तविक खणांचे हिशेब, मातीकाम आणि सुतारकाम यांची परंपरा अशा लहान वाड्यांतूनच अधिक व्यापकपणे व्यक्त झाली होती.