फाइलीच्या नावातील तारखेची कुळकथा

संगणकावरील एखादा प्रोग्रॅम आपल्या कामाची नोंद ज्या फाइलीत ओळीमागून ओळ करत जातो, त्या लॉग फाइलीच्या नावात त्या दिवसाची तारीख घालण्याची रीत युनिक्स प्रणालीत वाढली. परंतु नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स हस्तपुस्तिकेत तारीख सांगणारी 'डेट' ही आज्ञा असूनही या रीतीला पोषक अशी जमीन तेव्हा तयार नव्हती. एका आज्ञेचे उत्तर दुसऱ्या आज्ञेच्या मजकुरात आपोआप बसवण्याची सोय, जिच्यासाठी उलटी अवतरणचिन्हे वापरली जात, स्टीफन बोर्न यांच्या शेलने, म्हणजे आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमने, युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत आणली. तरीही अडचण उरलीच, कारण 'डेट'चे उत्तर वार, महिना आणि वेळ यांचे रिकाम्या जागांनी तोडलेले वाक्य असे, आणि शेल तर रिकाम्या जागेवरच शब्द तोडतो. शिवाय फाइलीच्या नावाला जेमतेम १४ अक्षरांची मुभा होती, ज्यात आठ अंकी तारीख घातल्यास मूळ नावाला सहाच अक्षरे उरत. बर्कली विद्यापीठाच्या १९८३ मधील युनिक्स प्रणालीने ही मर्यादा २५५ वर नेली, तर टक्क्याच्या चिन्हापुढे एकेक अक्षर लिहून वर्ष, महिना, दिवस हवे तसे मागण्याची सोय एटी अँड टी कंपनीच्या युनिक्स शाखेतील 'डेट'ने दिली.

खरी कल्पकता मात्र आज्ञेत नसून क्रमात आहे. फाइलींची यादी नावातील अक्षरांच्या क्रमाने लागत असल्यामुळे दिवस आधी लिहिल्यास सगळ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र येतात, तर वर्ष, महिना, दिवस अशी मोठ्याकडून लहानाकडे उतरती मांडणी केल्यास वर्णक्रम आणि कालक्रम एकच होतात. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानेही हाच क्रम ठरवला. तिरकी रेघ युनिक्समध्ये फोल्डरांची नावे वेगळी करते, म्हणून तिने जोडलेली तारीख नावात चालतच नाही. फाइलीवर बदलाची वेळ प्रणाली स्वतःच नोंदवते, मग नावात तारीख कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण साधी प्रत काढली की ती वेळ नव्याने लागते, नाव मात्र टिकते.

तारीख मागणारी ही आज्ञा रोज आपोआप चालवायची असेल तर एक काळजी घ्यावी लागते: ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या 'क्रॉन'च्या कोष्टकात टक्क्याचे चिन्ह नव्या ओळीचा अर्थ धारण करते, म्हणून तेथे त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.