विजेचा दिवा आणि पंधरा तासांचा दिवस

१/ नवे यंत्र आले की माणसाचे कष्ट कमी होतात, असे सहसा गृहीत धरले जाते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विजेचा दिवा आला, तेव्हा मात्र नेमके उलटे घडले. कामगाराचा दिवस लांबला आणि काही गिरण्यांत तो चौदा-पंधरा तासांवर गेला. प्रगतीच्या भविष्याविषयी आज जे प्रश्न विचारले जात आहेत, त्यांतील एक मोठा प्रश्न गिरणगावाने शंभर वर्षांपूर्वीच अनुभवला होता. त्याची ही कहाणी.

२/ कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या परिसरात गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या गिरण्यांत सुमारे एक लाख माणसे राबत होती.

३/ आरंभीच्या काळात कामाची वेळ घड्याळापेक्षा सूर्यावर अवलंबून असे. उजाडले की यंत्रे सुरू होत, अंधारले की थांबत. त्यामुळे हिवाळ्यात दहा-अकरा तास, तर उन्हाळ्यात तेरा तासांहूनही अधिक काम चाले. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याची कोणतीही मर्यादा नव्हती. जी काही मर्यादा होती, ती सूर्यास्ताची.

४/ १८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांनी अशा कायद्यासाठी आग्रह धरला होता. मात्र त्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही दबाव होता. मुंबईचे स्वस्त कापड व सूत त्यांना स्पर्धा वाटत होते. म्हणूनच अनेक राष्ट्रवादी नेत्यांनी आणि वृत्तपत्रांनी या कायद्याला विरोध केला. देशी उद्योग वाचवायचा की देशी कामगार, असा हा पेच होता.

५/ या पेचात कामगारांची बाजू मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुले यांचे हे अनुयायी ‘दीनबंधु’चे संपादक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या.

६/ २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन स्त्रियांसाठी अकरा तासांची आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. प्रौढ पुरुष मात्र अजूनही सूर्याच्याच भरवशावर होता. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना लोखंडे यांचे निधन झाले.

७/ आणि मग सूर्याचाही आधार गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागू लागले. १९०५ च्या सुमारास बाजारात तेजी होती. त्यातच बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटली आणि देशी कापडाची मागणी वाढली. मालकांनी दिवे लावले आणि यंत्रे अंधार पडल्यावरही चालू ठेवली. पहाटे अंधारात घर सोडणारा कामगार रात्री अंधारातच खोलीवर परतू लागला.

८/ यामागे मालकांची क्रूरता हे एकच कारण नव्हते. यंत्रांत मोठे भांडवल गुंतलेले होते आणि यंत्र बंद असलेला प्रत्येक तास हिशेबात तोटा ठरत होता. दिव्यामुळे रात्रही उत्पादनाला मोकळी झाली. दिव्याने मिळालेल्या या जादा वेळेचे काय करायचे, हे ठरवण्याची ताकद मात्र एकाच बाजूकडे होती. कामगाराची नोकरी मुकादमाच्या मर्जीवर, डोक्यावर सावकाराचे कर्ज, आणि कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा तर थेट १९२६ चा.

९/ तरीही कामगार गप्प बसले नाहीत. १९०५ मध्ये दिव्यांखालच्या वाढीव कामाविरुद्ध मुंबईत संप झाले. वृत्तपत्रांतून टीका झाली आणि सरकारला चौकशी करावी लागली. १९०७-०८ च्या कारखाना कामगार आयोगातील बहुसंख्य सदस्यांनी प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्यास विरोध केला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी मात्र वेगळे मत नोंदवून तशी मर्यादा मागितली. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. सूर्यास्ताचे काम आता कायद्याला करावे लागले.

१०/ पुढचे टप्पेही असेच मिळवावे लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांनी मोठा नफा कमावला, तर महागाईने कामगाराचे कंबरडे मोडले. १९१९ आणि १९२० च्या जानेवारीत मुंबईत प्रचंड संप झाले आणि दुसऱ्या संपानंतर दहा तासांचा दिवस पदरात पडला. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तास, १९३४ च्या कायद्याने ५४ तास ही मर्यादा आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ तासांवर आली. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच कायम केली.

११/ गिरणीत वीज तर वाढतच गेली होती. १९१५ पासून खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे १९०५ मध्ये दिवस लांबला तेव्हाही वीज होती आणि १९२० मध्ये तो आखूड झाला तेव्हाही वीज होतीच. मधल्या पंधरा वर्षांत बदलली ती कामगारांची एकजूट, लोकमत आणि कायदा. तंत्रज्ञानाने केवळ शक्यता निर्माण केली. तिचा लाभ कोणाला मिळणार, हे गिरणीच्या फाटकावर आणि कायदेमंडळात ठरले.

१२/ १९३० मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी एका निबंधात पुढील शंभर वर्षांचे भाकीत केले. प्रगत देशांतील राहणीमान चार ते आठ पटींनी वाढेल आणि आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेसे होईल, असे त्यांना वाटत होते. राहणीमानाचा अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरला. पंधरा तासांचा आठवडा मात्र कोठेच आला नाही. मुंबईच्या कामगाराला हे ऐकून नवल वाटले नसते. संपत्ती वाढली म्हणून फुरसत आपोआप वाढत नाही, हे त्याने दिव्याखाली उभे राहून पाहिले होते.

१३/ केन्स यांनी सांगितलेली शंभर वर्षे २०३० मध्ये पूर्ण होतील. आज मोबाइल आणि लॅपटॉप हे नवे दिवे आहेत. त्यांच्यामुळे कचेरी घरापर्यंत आली. कृत्रिम बुद्धिमत्ता तासांचे काम मिनिटांत करू लागली आहे. दुसरीकडे २०२३ मध्ये कर्नाटकाने, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा राखून, कारखान्यांत दिवसाला बारा तास कामाची मुभा देणारी दुरुस्ती केली. १९११ चा तो आकडा पुन्हा चर्चेत आला आहे.

१४/ या इतिहासातून तंत्रज्ञानाला विरोध करण्याचा धडा निघत नाही. विजेनेच पुढे चाळीतल्या मुलाला रात्री अभ्यासाला उजेड दिला. धडा एवढाच की यंत्राने वाचवलेला वेळ आपोआप माणसाच्या वाट्याला येत नाही; तो मागावा लागतो. आज रविवारी आरामात उठणाऱ्या प्रत्येकाच्या त्या सकाळीमागे १८८४ च्या निवेदनावरील साडेपाच हजार सह्या आहेत. उद्याच्या यंत्रांनी वाचवलेल्या वेळेसाठी अशा सह्या कोण गोळा करणार, हा प्रश्न अजून खुला आहे.