शिगे नावाची थोरली लेक

यासुजिरो ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) मी पहिल्यांदा पाहिला तो फिल्म सोसायटीच्या खेळात, लोखंडी खुर्चीवर बसून. म्हातारे आईवडील गावाहून टोकियोला मुलांकडे येतात. थोरली लेक शिगे ब्यूटी पार्लर चालवते. कोण आलंय म्हणून गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगते, गावाकडचे ओळखीचे आहेत! पुढे आई जाते. शिगे हमसून रडते, आणि अंत्यविधीनंतर जेवता जेवता आईचा ओबी आणि किमोनो मागून घेते. मला त्या बाईचा इतका संताप आला, की हा अभिनय आहे हेच विसरले. बऱ्याच वर्षांनी माझी आई गेली. दिवसकार्य आटोपलं आणि मी वहिनीला म्हणाले, ‘‘आईची इरकल मी नेते हं.’’ त्या क्षणी शिगे आठवली.

ती भूमिका करणाऱ्या सुगिमुरा हारुको मूळच्या नाटकवाल्या. जन्म हिरोशिमाचा, १९०६ सालचा. व्हायचं होतं गायिका, पण टोकियोच्या संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला नाही. १९२७ मध्ये त्या टोकियोतल्या त्सुकिजी थिएटरात दाखल झाल्या. तिथं हिरोशिमाच्या बोलीचा हेल आडवा आला. १९३७ मध्ये ‘बुंगाकुझा’ ही नाट्यसंस्था निघाली. तिथं मात्र त्या साठ वर्षं, अखेरपर्यंत राहिल्या.

एप्रिल १९४५. टोकियोवर बॉम्ब पडत होते, आणि त्यातच ‘एका स्त्रीचं आयुष्य’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. अनाथ केई एका व्यापारी घरात येते, प्रेम धाकट्यावर असून लग्न थोरल्याशी करते आणि पेढी सांभाळते. नाटककार मोरिमोतो काओरू पुढच्याच वर्षी, ऐन चौतिशीत गेले. सुगिमुरांनी केई ९०० हून अधिक प्रयोगांत रंगवली. प्रयोगांचे आकडे मोजणाऱ्या आपल्या मराठी प्रेक्षकाला यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

रंगमंचावर त्या नायिका. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मधली ब्लांश त्यांनी केली, मिशिमांच्या ‘रोकुमेइकान’ची नायिकाही केली. पडद्यावर मात्र बहुतेकदा आत्या, शेजारीण, सावकारीण. ‘लेट स्प्रिंग’मध्ये (१९४९) आत्याबाईंना देवळाच्या आवारात पैशांचं पाकीट सापडतं. भाचीच्या लग्नाला शुभशकुन झाला म्हणत त्या ते ठेवून घेतात, आणि पोलीस दिसताच लगबगीनं पायऱ्या चढू लागतात. एवढासा प्रसंग, पण अख्खी आत्या त्यात उभी राहते.

माणूस म्हणून त्या सोप्या नसाव्यात. १९६३ च्या आरंभी बुंगाकुझातले कितीतरी नट बाहेर पडले. वर्षाअखेरीस मिशिमांच्या नव्या नाटकाला त्यातल्या राजकारणामुळे संस्थेनं नकार दिला. ज्यांच्यासाठी भूमिका लिहिल्या त्यांच्याशीच बिनसलं आणि मिशिमाही गेले. सुगिमुरा राहिल्या.

१९९५ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ हा जपानचा फार मोठा सन्मान जाहीर झाला. त्यांनी तो नाकारला. एवढं ओझं घेऊन रंगमंचावर जायचं नाही, अजून काम करायचंय, असा एकूण सूर होता. त्याच वर्षी कानेतो शिंदोंच्या ‘अ लास्ट नोट’ या चित्रपटात त्या दिसल्या, भूमिका एका वृद्ध रंगभूमी-अभिनेत्रीची. एप्रिल १९९७ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी त्या गेल्या.

परवा ‘टोकियो स्टोरी’ पुन्हा लावला. शिगेनं ओबी मागितला, तेव्हा मला राग आला नाही. ती इरकल माझ्या कपाटात आहे, अजून एकदाही नेसलेली नाही.